गावच्या रस्त्याचे कागद कुठे कुठे असतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला सांगता येईल. गावातला सिमेंट काँक्रीटचा अंतर्गत रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. तुम्ही ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज दिला, त्यात चौदा प्रश्न होते. 'काम निकृष्ट का झाले', 'जबाबदार कोण', 'ठेकेदारावर कारवाई का नाही' या धाटणीच्या प्रश्नांना 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही' असे उत्तर आले. खर्च आणि मोजमापाचे प्रश्न होते, तिथे 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढेच लिहिले. हे उत्तर हातात पडून तीन आठवडे झाले. आता थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार करावी, नवा अर्ज करावा की सगळे सोडून द्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

सोडू नका. पण आयोगाकडेही आत्ता जाऊ नका.

माझी नोकरी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत गेली, शेवटची बरीच वर्षे जन माहिती अधिकारी म्हणून, म्हणजे अशा अर्जांना उत्तर देणारा अधिकारी म्हणून. निवृत्त झाल्यापासून लोकांना अर्ज आणि अपिले लिहायला मदत करतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर माझे मत असे झाले आहे की कार्यालयात उत्तरे नसतात, कागद असतात. कागदाचे नाव घेऊन मागितले की अधिकाऱ्याला 'आहे' किंवा 'नाही' यापैकी एक लिहून द्यावेच लागते, आणि 'नाही' लिहिणेही सोपे राहत नाही. नुसता प्रश्न विचारला की त्याला निसटायला वाट मिळते. तुमच्या बाबतीत तेच झाले आहे.

पहिल्यांदा तारखेचे बघू, कारण तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत माहिती अधिकार कायद्याच्या कलम 19(1) खाली प्रथम अपील करायचे असते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण ती वेळच येऊ देऊ नका. जोडपत्र 'ब' या अपिलाच्या ठरलेल्या नमुन्यात अपील लिहा, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्जाची आणि आलेल्या उत्तराची प्रत जोडा. अपील कोणाकडे करायचे ते उत्तरातच लिहिलेले असायला हवे. नाकारण्याचे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवणे कलम 7(8) प्रमाणे बंधनकारक आहे. तुमच्या उत्तरात तो नसेल तर अपिलातला पहिला मुद्दा हाच घ्या. ग्रामपंचायतीच्या बाबतीत अपिलीय अधिकारी पंचायत समितीत बसतो. नाव ठाऊक नसले तरी 'प्रथम अपिलीय अधिकारी, पंचायत समिती' असे लिहून आवक शाखेत द्या आणि पोच घ्या.

थेट आयोगाकडे का नको? कलम 18 ची तक्रार आणि कलम 19 चे अपील हे दोन वेगळे मार्ग आहेत. मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले की कलम 18 च्या तक्रारीत आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला हवेत कागद, म्हणून तुमचा मार्ग अपिलाचा. शिवाय आपल्याकडे आयोगाच्या खंडपीठांसमोर द्वितीय अपिलाला, म्हणजे प्रथम अपिलानंतरच्या अपिलाला, तारीख लागायला फार काळ जातो. जे काम तालुक्यात होण्यासारखे आहे ते तिथे नेऊन अडकवू नये.

आता 'प्रश्नार्थक' या शेऱ्याबद्दल. तुम्हाला राग येईल, पण या मुद्द्यावर ग्रामपंचायतीची बाजू अगदीच पोकळ नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटले की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे समर्थन मागणे कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत येत नाही. जे अभिलेखात आहे ते द्यायचे. जे नाही ते तयार करून द्यायचे बंधन नाही. पण याच निकालात तुमच्यासाठी वाट आहे. सरकारी कामात 'का'चे उत्तर कुठल्यातरी टिप्पणीत, तपासणी अहवालात किंवा आदेशात लिहिलेले असते. 'ठेकेदारावर कारवाई का केली नाही' याऐवजी 'सदर कामाबाबत ठेकेदारास दिलेल्या सर्व नोटिसा व पत्रांच्या प्रती' मागा. 'जबाबदार कोण' याऐवजी 'मोजमाप नोंदवणाऱ्या आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व पदनामे दर्शवणारा अभिलेख' मागा. एकही नोटीस दिली नसेल तर 'नोटीस दिल्याचा अभिलेख नाही' असे सहीनिशी लिहून द्यावे लागते, आणि गटविकास अधिकाऱ्यांपुढे तो कागद भाषणापेक्षा जास्त बोलतो.

खरा जीव आहे तो दुसऱ्या शेऱ्यात, 'अभिलेख उपलब्ध नाही' यात. सरकारी पैशाने झालेल्या कामाचा कागद एकाच जागी असतो असे कधी होत नाही. त्याची सुरुवात होते ग्रामपंचायत विकास आराखड्यात आणि ग्रामसभेच्या किंवा मासिक सभेच्या ठरावात. तो इतिवृत्ताच्या वहीत असतो. मग शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता मिळते ती जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातून, म्हणजे अंदाजपत्रकाची एक प्रत तिथे राहते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, निविदा, तुलनात्मक तक्ता, करारनामा आणि कार्यारंभ आदेश. काम झाले की अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो. आपल्याकडे सगळे तिला एमबी म्हणतात. एमबीवरून देयक, देयकावरून प्रमाणक (व्हाउचर), प्रमाणकाची नोंद रोकडवहीत, पैसे गेल्याची नोंद बँकेत. शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला, आणि नंतर कधीतरी स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल.

म्हणून ग्रामपंचायत अधिकारी (जुने ग्रामसेवक) 'उपलब्ध नाही' म्हणाले तरी अंदाजपत्रक उपविभागात आहे, एमबीची नोंद अभियंत्याच्या हाताखालून गेली आहे, निधी वितरणाचा आदेश पंचायत समितीत किंवा जिल्ह्याला आहे. यासाठीच कायद्यात कलम 6(3) आहे. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज, किंवा त्याचा तेवढा भाग, 5 दिवसांत तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसे कळवायचे. नुसते 'नाही' लिहून नस्ती (फाइल) बंद करणे या कलमात बसत नाही. अपिलात हा दुसरा मुद्दा घ्या.

इथे परिस्थितीनुसार काही गोष्टी बदलतात. रस्ता नेमका कोणत्या पैशातून झाला हे तुम्ही लिहिलेले नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी असेल तर बहुतेक कागद ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत सापडतील, आणि आराखड्यातली कामे व खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर अर्ज न करताही पाहता येतो. 25-15 किंवा जनसुविधा या गावातल्या सोयींच्या कामांसाठीच्या निधीतून किंवा आमदार निधीतून झाला असेल तर प्रशासकीय मान्यता जिल्ह्याची असते. मग काम ग्रामपंचायतीने केले, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने की सार्वजनिक बांधकाम खात्याने, हे पाहावे लागते. ग्रामपंचायत ही यंत्रणाच नसेल तर 'आमच्याकडे अभिलेख नाही' हे उत्तर खरेही असू शकते. कामाच्या जागी फलक लावलेला असेल तर त्याचा फोटो काढा. योजना, रक्कम आणि यंत्रणा त्यावर असते. फलक नसेल तर इतिवृत्तातल्या ठरावावरून योजना कळेल.

कागद खरोखरच हरवला आहे असे ते अपिलात म्हणाले तर? विश्वास भांबुरकर यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले की जी माहिती कधीतरी अभिलेखात होती ती आता सापडत नाही एवढ्यावर नाकारता येत नाही. कसून शोध घ्यायचा, तरीही सापडली नाही तर चौकशी करून जबाबदारी निश्चित करायची. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहे. अभिलेख बेकायदा नष्ट केला किंवा कार्यालयाबाहेर नेला तर त्यात 5 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मुदत संपलेले कागद रीतसर नष्ट करता येतात, पण त्यालाही पद्धत आहे. कार्यालयात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण होते. 'अ' कायमचे, 'ब' 30 वर्षे ठेवायचे, आणि खाली 'ड' पर्यंत मुदत कमी होत जाते. नष्ट केलेल्या कागदांची यादी ठेवावी लागते. म्हणून अपिलात असे लिहा: 'अभिलेख नष्ट केला असल्यास त्याचा वर्ग, नष्ट केल्याची तारीख व आदेशाची प्रत द्यावी, गहाळ असल्यास शोध घेतल्याबाबत लेखी अहवाल द्यावा.' गेल्या वर्षीच्या रस्त्याची एमबी नष्ट करण्याची मुदत आलेलीच नाही. अपिलातले वरचे वाक्य वाचल्यावर कपाटे उघडली जातात, हे मी माझ्या नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

अपील चालू असताना दुसऱ्या बाजूने नवा अर्ज जरूर करा, आणि तो बांधकाम उपविभागाकडे करा. एक अपील प्रलंबित असताना दुसरीकडे अर्ज करायला कायद्यात आडकाठी नाही. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे 150 शब्दांपर्यंत असावा. तुमच्या चौदा प्रश्नांत रस्त्याबरोबर पाणीपट्टी आणि घरकुलाची यादीही होती, ते वेगळे विषय आहेत. जोडपत्र 'अ' या अर्जाच्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, मजकूर साधारण असा ठेवा:

'मौजे अमुक येथील तमुक ते तमुक अंतर्गत सिमेंट काँक्रीट रस्ता, सन अमुक, या कामाचे पुढील अभिलेख मिळावेत: मंजूर अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता आदेश, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, सर्व देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला. प्रथम नस्तीचे अवलोकन करावयाचे आहे, त्यानंतर निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती हव्यात.'

शेवटचे वाक्य वगळू नका. कलम 2(जे) मध्ये प्रतींइतकाच अवलोकनाचा, टिपणे घेण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. प्रती मागितल्या की कार्यालय निवडते, अवलोकनात तुम्ही निवडता. पहिल्या तासाला शुल्क नाही, नंतर किरकोळ आहे, आणि प्रतीला पानामागे 2 रुपये. 'माहिती विपुल आहे' या कारणावर नकार देता येत नाही. कलम 7(9) ने फार तर माहिती देण्याचे स्वरूप बदलता येते, आणि अवलोकन तुम्ही आधीच मागितले असल्याने तो मुद्दाच उरत नाही. अर्जाला उत्तर देण्याची मुदत 30 दिवसांची आहे. ती टळली तर कलम 7(6) प्रमाणे माहिती मोफत द्यावी लागते.

अवलोकनाला जाताना बरोबर एक जाणती व्यक्ती न्या, शक्यतो बांधकामातले कळणारी. नस्तीचे दोन भाग असतात, टिप्पणी आणि पत्रव्यवहार. लोक पत्रव्यवहार पाहून परत येतात. निर्णय कोणी सुचवला आणि कोणी कुठे शंका काढली हे टिप्पणीत असते, म्हणून ती आधी वाचा. पानांवर क्रमांक घातले आहेत का पाहा, नसतील तर एकूण पाने मोजून आपल्या वहीत लिहा आणि तेवढ्यावर संबंधित लिपिकाची सही मागा. मोबाइलने फोटो काढू देतील की नाही ते अधिकाऱ्यावर अवलंबून असते. आधी विचारा, नाही म्हणाले तर वाद न घालता पानाचे क्रमांक टिपून प्रती मागा. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहू द्यावेत असे शासनाचे 2018 चे परिपत्रक आहे. सगळीकडे ते पाळले जात नाही, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

एमबी हातात आली की तीन गोष्टी बघा. लांबी, रुंदी, जाडी. जाडी महत्त्वाची, कारण वरून ती दिसत नाही. रस्ता जिथे तुटला आहे तिथे कडेला पट्टी लावून फोटोसह माप घ्या. दुसरे, काँक्रीटखालच्या थराची नोंद: खोदाई, मुरूम, खडीकरण. पहिल्या पावसात रस्ता उखडतो तेव्हा दोष पुष्कळदा वरच्या काँक्रीटइतकाच खालच्या दबाईत असतो. तिसरे, तारखा. काँक्रीटचे ठोकळे 7 आणि 28 दिवसांनी तपासतात आणि काम स्वीकारण्याचा निकष 28 दिवसांच्या ताकदीचा असतो. काँक्रीट टाकल्याची तारीख आणि अंतिम देयकाची तारीख यांत 28 दिवसांहून कमी अंतर असेल तर चाचणीचा निकाल हाती येण्याआधीच पैसे दिले गेले, हे कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि करारनामा. तुमच्या पहिल्या अर्जात तो नव्हताच, आणि माझ्या मते तुमच्या गावाला सर्वांत उपयोगी पडणारा कागद तो आहे. त्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत काम बिघडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते आणि त्यासाठीच त्याची अनामत राखून ठेवलेली असते. मुदत प्रत्येक करारात वेगळी असू शकते. ती संपून अनामत परत गेली की हातातला मोठा उपाय जातो. त्यामुळे कागद येईपर्यंत थांबू नका. रस्ता उखडल्याची लेखी तक्रार, फोटोंसह, ग्रामपंचायत आणि गटविकास अधिकारी दोघांकडे आजच द्या. माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

एक अडथळा येईल, 'त्रयस्थ पक्षाची माहिती' किंवा 'वैयक्तिक माहिती' हा. ठेकेदाराने हरकत घेतली तरी निर्णय जन माहिती अधिकाऱ्याने द्यायचा आहे. कलम 11 मध्ये त्याला फक्त म्हणणे मांडायला 10 दिवस मिळतात, नकाराधिकार मिळत नाही. वैयक्तिक माहितीचे कलम 8(1)(जे) नोव्हेंबर 2025 पासून अधिक कडक झाले आहे, कारण विदा (वैयक्तिक डेटा) संरक्षण कायद्याने त्यातला आधीचा सार्वजनिक हिताचा अपवाद काढून टाकला. मला हा बदल मनापासून खटकतो, त्याचा फटका लाभार्थ्यांच्या याद्यांसारख्या कागदांना बसू शकतो. पण कलम 8(2) अजून जागेवर आहे: हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. आणि सार्वजनिक पैशाचे अंदाजपत्रक, एमबी, देयक ही कोणाची खासगी बाब नाही. हा कायदा आला तोच अशा कागदांच्या मागणीतून. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 मध्ये कोट किराना गावात जनसुनावणी घेतली, तेव्हा मजुरांसमोर हजेरीपट आणि बिलेच वाचली गेली होती. घरकुलाच्या यादीचा तुमचा अर्ज मात्र वेगळा करा आणि त्यात 8(2) चा आधार सुरुवातीलाच लिहा.

तुम्ही शेवटी हळूच लिहिले आहे की ठेकेदार गावातलाच आहे आणि घरचे घाबरतात. ही भीती खरी आहे, तिला कमी लेखू नका. एकट्याने लढू नका. दोन-तीन जणांनी आपापल्या नावाने तोच अर्ज करा, म्हणजे एकावर दबाव आणून काही साधत नाही. कारण सांगण्याचे बंधन कलम 6(2) प्रमाणे नाही, कोणी विचारले तर तेवढेच सांगा. प्रती आल्या की एक संच गावाबाहेर विश्वासू माणसाकडे ठेवा. धमकी आलीच तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या. ग्रामसभेत विषय काढायचा तर कागद हातात आल्यावर, आणि आवाज न चढवता, एमबीतले माप आणि प्रत्यक्ष माप शेजारी शेजारी वाचून.

तर क्रम असा. या आठवड्यात प्रथम अपील आणि रस्त्याची लेखी तक्रार. त्याबरोबरच उपविभागाकडे नवा अर्ज. अपिलाचा निर्णय 30 दिवसांत, फार तर कारणे नोंदवून 45 दिवसांत व्हायला हवा. सुनावणीला बोलावले तर जरूर जा आणि तीनच मुद्दे मांडा: 7(8), 6(3) आणि शोधाचा लेखी अहवाल. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम 19(5) प्रमाणे त्यांची आहे, तुमची नाही. निर्णय विरोधात गेला किंवा आलाच नाही तर 90 दिवसांत आयोगाच्या तुमच्या विभागातल्या खंडपीठाकडे द्वितीय अपील. रोज 250 रुपयांप्रमाणे 25,000 पर्यंतच्या दंडाची मागणी तिथे करायची, आधी नाही. तो अधिकार प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला नाही.

अपिलाचा मसुदा झाला की नावे झाकून इथे टाका, मी वाचून देतो. आणि रस्ता कोणत्या योजनेतला आहे तेवढे आधी कळवा, म्हणजे नवा अर्ज नेमका कोणत्या उपविभागाच्या पत्त्यावर जायला हवा ते सांगता येईल.